गाडीत बसलो, अप्पा!

आमच्या वर्गात एकाच नावाच्या दोन-दोन, तीन-तीन मुली आहेत. त्यामुळे आम्ही एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारतो. सेलू, मानवत, जिंतूर, पूर्णा आणि मी पोखर्णी. "हा वर्ग आहे की जिल्ह्याचा नकाशा?" असे सरांनी एकदा हजेरी घेताना विचारले आणि तेव्हापासून ही नावे पक्कीच झाली. तर या पाच गावांनी मिळून यंदाच्या जानेवारीत समुद्र पाहिला. समुद्राचे वर्णन आपल्या अंकात दर वर्षी कोणी ना कोणी लिहितेच. मला लिहायचे आहे ते मुख्यतः परत येण्याविषयी. पण गेल्याशिवाय परत येता येत नाही, म्हणून सुरुवात जाण्यापासून करते.

मानवतची मोठी बहीण रायगड जिल्ह्यात असते. तिचे यजमान तेथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. आपल्या मराठवाड्यातले कितीतरी शिक्षक असे कोकणात नोकरी करतात आणि बदलीची वाट पाहत दिवस काढतात. ताईंचे बिऱ्हाड अलिबागजवळ नागावला आहे. 26 जानेवारीला जोडून शनिवार-रविवार येत होता. "माझी इथली शेवटची दोन वर्षं असतील, तेवढ्यात येऊन जा गं," असा ताईंचा निरोप आला आणि आमच्या डोक्यात समुद्र शिरला.

परवानगी मिळविणे तिकिटापेक्षा अवघड होते. आमच्या घराण्यात कॉलेजचे तोंड पाहिलेली मी पहिलीच. अप्पा चौथी शिकलेले, माय सहीपुरती अक्षरे गिरवते. तीन एकर कोरडवाहू जमीन. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात आमचे सोयाबीन उभ्या जागी कुजले. अशा साली मुलीने मौजेसाठी इतक्या लांब जायचे, हे घरात बोलायलाही जीभ रेटत नव्हती. मी विषय काढला तेव्हा चुलते म्हणाले, "पाणी बघायला तितक्या लांब काहून जायचं? सप्टेंबरात आपल्या वावरातच होतं की!" सगळे हसले, मीही हसले, पण त्या हसण्याखाली नकार होता, तो मला कळला.

नकाराचे कारण पैसा एवढेच नव्हते. माझ्या पाठची बहीण दहावीला आहे, चुलत बहीण अकरावीला. आमच्या आळीत एका मुलीचे काही 'इकडचे तिकडे' झाले, नुसती परतायला रात्र झाली, तरी तिच्या मागच्या सगळ्या मुलींचे शिक्षण अडते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. बारावीनंतर घरी बसविलेल्या माझ्या दोन मैत्रिणींची आज लग्ने होऊन गेली. म्हणून मी घराबाहेर पडते तेव्हा एकटी पडत नाही, मागच्या दोघींना बरोबर घेऊनच पडते. त्यांना ते ठाऊक नसते, मला असते.

अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जाऊन येऊ द्या. पुस्तकात वाचती, एकदा डोळ्यानं बघू द्या." त्यांनी पंधराशे रुपये दिले. ते कोठून आणले, हे मी विचारले नाही. मायने एक रिकामी बाटली पिशवीत घातली. "येताना त्याचं पाणी आन. सगळं म्हनं खारं असतंय. एवढं सगळं कसं खारं असंल?"

मायच्या या प्रश्नाला अर्थ आहे. 2016 चा उन्हाळा आमच्याकडे कोणी विसरलेले नाही. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते हेच साल. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. आमच्या गावात टँकर यायचा आणि माय मला रांगेत घागरीजवळ बसवून रानात जायची. जिने घागर-घागर पाणी मोजले, तिला न पिण्याचे एवढे पाणी कशाला केले असेल असा प्रश्न पडणारच.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही परभणीला नांदेड-पनवेल गाडीत बसलो. ही गाडी गंगाखेड, परळी, लातूर, पुणे असा फेरा घेत पनवेलला जाते. परभणी सोडल्यावर पिंगळी गेले आणि थोड्या वेळाने अंधारात 'पोखर्णी नृसिंह' ही पिवळी पाटी खिडकीतून दिसली. याच स्टेशनाजवळ उभ्या राहून आम्ही बहिणी जाणाऱ्या गाड्यांचे डबे मोजत असू. आज मी मोजल्या जाणाऱ्या डब्यात होते. पलीकडे नृसिंहाच्या देवळाच्या दिशेने हात जोडले, तर सेलू म्हणाली, "अगं, अजून जिल्ह्याची हद्दसुद्धा ओलांडली नाही!"

सकाळी पनवेल, तेथून एस.टी.ने अलिबाग. 2023 पासून बायकांना एस.टी.त निम्मे तिकीट आहे, नाहीतर आमचे अंदाजपत्रक पनवेललाच कोसळले असते. नागावला नारळी-पोफळीच्या वाडीतून एक पायवाट जाते आणि वाडी संपली की एकदम समुद्र येतो. मी समजत होते की समुद्र आडवा, पसरलेला दिसेल. मला तो उभा दिसला. दूरवर वर चढत गेलेला, जणू आपण खाली आणि तो वर. मी दोन पावले मागे सरले. जिंतूर मात्र चपलांसकट पाण्यात गेली आणि तिची एक चप्पल समुद्राने ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी रथसप्तमी होती. दुपारी भाऊजींनी आम्हांला कुलाबा किल्ल्यावर नेले. कान्होजी आंग्र्यांचे हे ठाणे. 1729 साली ते वारले. त्यांची समाधी अलिबागेतच आहे. किल्ला समुद्रात आणि ओहोटीला वाट मोकळी होते, असे आम्ही ऐकले होते. पण त्या दिवशी वाटेवर पाणी होते. भाऊजींनी समजावून सांगितले, की अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते. सप्तमी-अष्टमीला भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि पुरते उतरतही नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोनदा आणि त्यांची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आम्ही घोडागाडीतून गेलो. चाके निम्मी पाण्यात होती. गाडीवाल्याने उतरवताना बजावले, "तासाभरात दारात या. पाणी कुणासाठी थांबत नाही."

किल्ल्यात गणपतीचे देऊळ आहे, पडके चिरेबंदी वाडे आहेत. पण मला आठवते ते तेथले गोडे पाणी. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध पिण्याचे पाणी! मायला हे सांगायचे, असे मी मनात घोकत होते. आम्ही पाचहीजणी तास भरायच्या आधीच दारात हजर होतो. समुद्राने दिलेली वेळ आम्ही पाळली. पुढची चूक वाचताना वाचकांनी एवढे आमच्या बाजूने लक्षात ठेवावे.

सोमवारी सकाळी भाऊजींच्या शाळेत झेंडावंदन केले. (कॉलेजच्या झेंडावंदनाला आम्ही नव्हतो, याबद्दल प्राचार्यांची क्षमा मागते. झेंडा तोच होता.) ताईंनी जेवू घातल्याशिवाय सोडले नाही. मायची बाटली भरून घेतली. बाजारात अलिबागचा पांढरा कांदा नुकता येऊ लागला होता, त्याची एक वेणी पाचजणींनी वर्गणी काढून घेतली. परतीची गाडी पनवेलहून दुपारी चारच्या सुमारास होती, शयनयान डब्यात पाच जागा राखीव होत्या. बाराला अलिबागहून निघालो. दोन तासांचा रस्ता, हाताशी चार तास. आमचा हिशेब चुकीचा नव्हता.

पण सलग सुटीसाठी आलेली सारी मुंबई-पुण्याची माणसे त्याच दुपारी परत निघाली होती. कार्ले खिंडीपर्यंत ठीक चालले. पोयनाडला गाडी मंदावली. धरमतरच्या पुलावर तर खाडीतली होडी आमच्यापुढे गेली. वडखळला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे मोटारी, मागे मोटारी, डाव्या हाताच्या मातीतूनही मोटारी. कंडक्टरला आम्ही पाच-पाच मिनिटांनी विचारत होतो. शेवटी तो म्हणाला, "ताई, मी काय उडवून नेऊ का?" त्याचेही खरेच होते. पूर्णा खिडकीबाहेर बघत नखे खात होती. कोणी कोणाशी बोलत नव्हते.

आमची एस.टी. पेणच्या पुढे आली तेव्हा चार वाजून गेले होते. त्याच वेळी फोन वाजला. अप्पा होते.

"बसलीस का गं गाडीत?"

मी म्हणाले, "हो, गाडीत बसलो, अप्पा!"

"जागा भेटली का?"

"हो, भेटली."

"मग निवांत झोपा. पहाटं मी परभणीला येतो, फटफटी मागून ठेवलीय."

फोन बंद झाला. एस.टी.सुद्धा गाडीच असते आणि बसायला जागाही मिळालेली होती, असे मी मनाशी म्हटले. एका अक्षरानेही खोटे बोलले नव्हते आणि तरी सगळेच खोटे बोलले होते. तर्कशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न आला, तर मी पूर्ण गुण मिळवीन.

पनवेलच्या स्टेशनात धावत शिरलो. फलाट रिकामा होता. एक बाई झाडू मारीत होती. "नांदेडची? ती केव्हाच गेली," असे ती मान वर न करता म्हणाली. आम्ही तेथेच बॅगांवर बसलो. सर्वांचे पैसे एकत्र केले, ते अकराशे चाळीस रुपये भरले. कोणाच्या घरी काय सांगितले, हेही तेव्हाच उघडे झाले. पाचहीजणींनी 'गाडीत बसलो' असेच सांगितले होते! आधी ठरविलेले नसताना पाच घरी तेच वाक्य गेले, याचे त्या वेळी हसू आले नाही. आता विचार करते तेव्हा भीतीच वाटते.

जिंतूर म्हणाली, "खरं सांगून टाकू." मी विरोध केला. रात्री मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेस आहे, ती ठाण्याला धरू, तीही सकाळीच परभणीला पोचते; कोणाला काही कळणारसुद्धा नाही, असे मी सर्वांना पटवून दिले. म्हणजे वाक्य पाचजणींचे असले, तरी पुढचा बेत माझा होता.

लोकलने ठाण्याला आलो. साधी तिकिटे काढली. देवगिरी आली तेव्हा जनरल डब्याच्या दारातच माणसे लोंबकळत होती. बायकांच्या डब्यात पाय ठेवायला फट नव्हती. आतली एक बाई ओरडून म्हणाली, "अगं पोरींनो, मुंबईहून बसायचं असतं, इथं जागा कुठली!" हे आम्हांला कोणी शिकविले नव्हते. सेलूने कांद्याची वेणी आत दिली, एक पाय आत टाकला, तोच गाडी हलली. मी आणि मानवतने तिला कमरेला धरून मागे ओढले. तिघीही फलाटावर आपटलो. सेलूचा गुडघा फुटला. कांद्याची वेणी मात्र जागा मिळवून परभणीकडे निघून गेली.

एका महिला पोलिसाने येऊन आम्हांला झापले आणि मग समोरच्या बाकाकडे बोट करून, "मला दिसेल अशा इथं बसा. सकाळी तपोवन आहे," असे सांगितले. रात्रीचे साडेदहा झाले होते.

त्या बाकावर मला परभणीचा फलाट दिसू लागला. जानेवारीची थंडी. अप्पा पहाटे उठून, कानाला मफलर गुंडाळून, दुसऱ्याची फटफटी घेऊन येणार. पनवेलची गाडी येणार. माणसे उतरणार. अप्पा एकेक डबा बघत पुढे जाणार, मग मागे येणार. फलाट मोकळा होईल आणि अप्पा तेथेच उभे असतील. येथवर आले की मला पुढचे काही दिसेना. समुद्र पाहायला गेलेली मुलगी गाडीतून उतरली नाही, तर बाप काय काय समजेल? उशीर झाला म्हणून दोन बहिणींची वाट बंद होईल, या भीतीने मी खोटे बोलले होते. पण आता जे घडणार होते, ते उशिरापेक्षा कितीतरी वाईट होते.

अकराच्या पुढे मी फोन लावला. पहिल्याच घंटीला अप्पांनी उचलला.

"अप्पा, आम्ही गाडीत नाहीत. गाडी चुकली. दुपारी मी खोटं बोलले."

थोडा वेळ पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

"आता कुठं हात?"

"ठाण्याला. फलाटावर."

"पाचीजणी एका जागी?"

"हो. समोर पोलीसबाई आहेत."

"पैसे?"

"आहेत. सकाळी तपोवन आहे, दुपारनंतर पोचू."

"बरं. आता आयका. समद्याजणी एकदम झोपू नका. दोघींनी झोपायचं, तिघींनी जागायचं; मग पाळी बदलायची. रानात राखणीला आसतो तसं. अन् बाकीच्यायलाबी घरी सांगायला लाव."

रागाचा एक शब्दही नाही. फोन ठेवल्यावर मला रडू आले. दुपारपासून आले नव्हते ते. सेलू, मानवत आणि जिंतूरने लगेच घरी फोन केले. मानवतच्या घरी आरडाओरड झाली, ती आम्हांलाही ऐकू आली. पूर्णाने मात्र फोन लावला नाही. "माझं घर तुमच्यासारखं नाही गं," एवढेच ती म्हणाली. आम्ही तिला आग्रह करायला हवा होता. आम्ही दमलो होतो. आग्रह केला नाही.

रात्र अप्पांच्या राखणीच्या नियमाने काढली. सकाळी तपोवनमध्ये मनमाडपर्यंत उभ्याने आणि पुढे बसून आलो. जालना मागे पडले आणि आपली काळी रानं दिसू लागली. सेलूला सेलू उतरली, लंगडत. मानवत रोडला मानवत उतरली. तिचे वडील फलाटावर पाठ करून उभे होते. परभणीला जिंतूर आणि मी. पूर्णा एकटी पुढे गेली. खिडकीतून तिने हात हलविला नाही.

अप्पा दारासमोरच उभे होते. पिशवी घेतली, "जेवलीस का?" विचारले आणि फटफटी सुरू केली. पिंगळी मागे टाकेपर्यंत आम्ही बोललो नाही. मग मीच म्हणाले, "अप्पा, चुकले."

ते समोर बघतच म्हणाले, "मला चारलाच समजलं व्हतं. आगगाडीत ट्रकचा भोंगा कसा काय वाजंल?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील मनून बसलो व्हतो वाट बघत. अकरा वाजिवलेस."

ते सात तास अप्पांनी कसे काढले असतील, हे मी अजून त्यांना विचारलेले नाही. भाऊजींचा फोन नंबर त्यांच्याकडे होता. त्यांना विचारून गाडी चुकल्याची खात्री त्यांनी करून घेतली असेल, किंवा नसेलही.

पूर्णा त्यानंतर तीन आठवडे कॉलेजला आली नाही. पनवेलची गाडी सकाळी पूर्णेला पोचली, तेव्हा तिचा भाऊ स्टेशनात होता आणि ती उतरली नाही. घरच्यांनी काय समजायचे ते समजून घेतले. संध्याकाळी ती खरोखर पोचली, तोवर गावात बोलणे सुरू झाले होते. आता ती येते. भाऊ फाटकापर्यंत सोडतो आणि तास संपला की घेऊन जातो. ग्रंथालयात ती थांबत नाही. हा मजकूर मी तिला दाखविला आणि "छाप" असे ती म्हणाली, म्हणूनच छापायला दिला आहे.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याचजणी घरातल्या पहिल्याच आहेत. आपल्याला मिळालेली मोकळीक अगदी थोडी आहे आणि ती जाईल या धाकाने आपण घरी सगळे सुरळीतच सांगत राहतो. पेपर चांगला गेला, बस वेळेवर मिळाली, गाडीत बसलो. गाडी चुकणे हा अपराध नाही. मी त्या दुपारी ती चूक झाकली आणि चौघींनाही झाकायला लावली. त्याचा दंड माझ्याऐवजी पूर्णाने भरला. आणि आमच्या प्राध्यापकांना एक विनंती: मुली सहलीला निघाल्या म्हणजे 'सांभाळून जा' याबरोबरच 'गाडी चुकली तर घरी लगेच सांगा' हेही त्यांना सांगावे, आणि जमल्यास त्यांच्या घरीही.

घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. मायने आधी मला आपादमस्तक न्याहाळले, मग बाटली मागितली. एवढ्या धावपळीत ती तेवढी शाबूत राहिली होती. मायने तळहातावर थोडे पाणी घेतले, जिभेला लावले आणि तोंड वाकडे केले.

"खारंच हाय गं," ती म्हणाली. मग धाकट्या बहिणीपुढे बाटली धरली, "घे, तूबी बघ. आन् पुढं तू जाशील तव्हा खरं खरं सांगत जा."